गिरगाव ते परळ : पदवीधरांच्या यादीतले अंतर

कोणत्याही जुन्या शिक्षणसंस्थेचा गौरवग्रंथ उघडला की त्यात एक यादी हमखास सापडते : संस्थेचे नामवंत माजी विद्यार्थी. त्यात न्यायाधीश असतात, डॉक्टर असतात, मंत्री, संशोधक, संपादक आणि एखादा क्रिकेटपटूही असतो. यादी जितकी लांब तितकी संस्था थोर, असा हिशेब आपण मनोमन मांडतो. मुंबई विद्यापीठाची अशी यादी करायला बसले तर या अंकाची सगळी पाने पुरणार नाहीत. म्हणून इथे यादी वाढवण्यापेक्षा तिच्यातली काही माणसे विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचली कशी आणि कोणत्या वस्तीतून पोचली, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात दोन तारखांनी करावी लागते. कावसजी दावर यांच्या ताडदेवच्या कापडगिरणीत 1856 मध्ये सूत निघू लागले. मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजी झाली. गिरणी आणि विद्यापीठ ही या शहरातली जवळजवळ जुळी भावंडे. एकाने परळ-लालबागचे गिरणगाव घडवले, तर दुसऱ्याने गिरगावच्या वाड्यांतला शिकलेला मध्यमवर्ग. दोघांच्या मुळाशी पैसा बराचसा कापसाचाच होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी देणगी दिली. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईचे नाव मिळाले. 1878 मध्ये तो पूर्ण झाला.

पहिले पदवीधर मात्र त्या मनोऱ्याच्या सावलीत शिकले नाहीत. 1862 मध्ये विद्यापीठाला स्वतःची इमारतच नव्हती, पदवीदान टाऊन हॉलमध्ये झाले. त्या वर्षी बी. ए. झाले ते चौघे : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे कायदा, अर्थशास्त्र आणि इतिहासाकडे वळले, भांडारकर संस्कृत विद्येकडे. वागळ्यांनी वकिली केली, मोडकांनी शिक्षकी पेशा पत्करला. पहिल्याच तुकडीने इतकी क्षेत्रे व्यापली याचे कौतुक नेहमी होते, आणि ते रास्तच आहे. या चौघांना पुन्हा एकत्र आणणारी जागा होती गिरगावातला प्रार्थना समाज. 1867 मध्ये स्थापन झालेल्या या समाजात विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, जातिभेद यांवर जी चर्चा होई, तिच्यामागे विद्यापीठात झालेल्या वाचनाचा हात होता.

त्यांच्या मागोमाग आलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले, ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि 1892 मध्ये विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. पुढच्याच वर्षी अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. न्यायालयातल्या त्यांच्या जागी रानडे आले आणि कुलगुरुपद भांडारकरांकडे गेले. एका माणसाची दोन पदे पहिल्या तुकडीतल्या दोघांनी उचलली, यावरून हा वर्ग किती लहान होता ते ध्यानात येते. परस्परांना ओळखणारी, एकाच सभेत बसणारी मूठभर माणसे अवघ्या इलाख्याचे सार्वजनिक जीवन चालवत होती. याच रानड्यांनी विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीला स्थान मिळावे म्हणून अखेरपर्यंत खटपट केली. दार अरुंद आहे, हे आत शिरलेल्यांनाही कळत होते.

गिरगावचा हा वारसा पुढेही चालू राहिला. विल्सन कॉलेजचे विद्यार्थी पांडुरंग वामन काणे यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. पहिला खंड 1930 चा, शेवटचा 1962 चा. 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मधल्या काळात, स्वातंत्र्याच्या वेळी, ते विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

दाराची रुंदी आणखी एका बाजूने मोजावी लागते. विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकल्या. पहिल्या चौघांनंतर त्यांच्यापर्यंत यायला पंचवीसेक वर्षे लागली. त्यानंतर आणखी पंचेचाळीसेक वर्षांनीही पदवी पुरेशी नव्हती. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून त्यांना प्रवेश मिळाला आणि त्यांचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले. 1939 मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. पुढे कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी शिकवले, तिथल्या संचालकही झाल्या. नीरेतल्या पोषणद्रव्यांवर त्यांनी केलेले संशोधन गरिबांच्या आहाराशी जोडलेले होते. गौरवयादीत त्यांचे नाव आज एका ओळीत बसते. त्या ओळीमागचा बंगळूरचा दरवाजा मात्र यादीत दिसत नाही.

आता परळकडे वळू. भीमराव रामजी आंबेडकर हे एल्फिन्स्टन हायस्कूलमधून 1907 मध्ये मॅट्रिक झाले. कुटुंब राहत होते परळच्या चाळीतल्या एका खोलीत. तिथे सगळ्यांना एका वेळी झोपायला आणि अभ्यासाला जागा नव्हती. मुलगा लवकर झोपे, वडील रामजी जागे राहत, रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. चाळ निजलेली असताना कंदिलाच्या उजेडात अभ्यास होई. मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच शब्दामुळे सयाजीराव गायकवाडांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. पुरे झाले. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन ही पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिची पहिली पायरी म्हणजे एक खोली, झोपेची वाटणी करणारा बाप, शिकवणारा एक गुरुजी आणि पंचवीस रुपये.

रानडे आणि आंबेडकर ही दोन्ही नावे कोणत्याही यादीत शेजारी शेजारी येतील. त्यांच्या वाटांमधले अंतर मात्र गिरगाव-परळ या अंतरापेक्षा फार मोठे होते. म्हणूनच 1927 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्यातील दुरुस्तीवर चर्चा झाली, तेव्हा आंबेडकरांनी सिनेटमध्ये मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. आणि 20 जून 1946 रोजी त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तिथे सकाळचे वर्ग होते. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला कॉलेज करता यावे ही त्यामागची सोय. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला नुसती बुद्धी पुरत नाही, त्याला वेळही द्यावा लागतो, हे परळच्या त्या खोलीत राहिलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते.

वेळ हा गिरणगावातला सगळ्यांत महाग जिन्नस. गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. लोखंडे पदवीधर नव्हते, त्यामुळे कोणत्याही कॉलेजच्या यादीत ते सापडणार नाहीत. पण ज्या घरात आठवड्यातून एक दिवस बापाला मोकळा मिळतो, त्या घरातल्या मुलाच्या पाटी-पुस्तकाकडे कोणी तरी पाहू शकते.

यादीबाहेरची आणखी दोन नावे घेतल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. गिरणीत राबलेले अण्णा भाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. 1958 मध्ये दादरला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने वाढवले. पालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम करता करता ते मराठी सातवी झाले आणि पुढे शिक्षक बनले. 1966 मध्ये आलेल्या आपल्या कवितासंग्रहाला त्यांनी नाव दिले ‘माझे विद्यापीठ’.

आज अण्णा भाऊ आणि सुर्वे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहेत, त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात. म्हणजे ज्यांना विद्यापीठाने कधी पदवी दिली नाही, त्यांच्यावर विद्यापीठ पदव्या देत आहे. यादी करणाऱ्याने जरूर करावी. रानडे, भांडारकर, सोराबजी, सोहोनी, आंबेडकर यांचा अभिमान वाटायलाच हवा. मात्र प्रत्येक नावासमोर दोन रकाने जास्तीचे आखावेत : हा विद्यार्थी कुठल्या वस्तीतून आला, आणि त्याच्यासाठी रात्री कोण जागले. दुसरा रकाना भरताना रामजी आंबेडकरांचे नाव तरी चुकणार नाही.