मातीच्या चुलीपासून काचेच्या शेगडीपर्यंत



गेल्या महिन्यात आमच्या मंडणगड तालुक्यातल्या एका बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एका काकूंनी हळूच विषय काढला. मुलाने मुंबईहून विजेवर चालणारी काचेची शेगडी पाठवली होती. महिना झाला तरी ती खोक्यातच होती. "काच ती! तिच्यावर भाताचं आधण कसं ठेवू? तडकली तर?" सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. स्वयंपाकघरात नवीन विस्तव आला की बाई आधी घाबरते, आणि पुष्कळदा तिची भीती खरी ठरली आहे. म्हणून आज ही विस्तवाचीच गोष्ट.

घरोघरी मातीच्या चुली, असं आपण सहज म्हणतो. ती चूल घालायची कोण? घरातली बाईच. माती, शेण, भाताचा तूस कालवून ती चूल घालायची, बाजूला वैल काढायची, रोज सारवायची. चूल फुटली तर दुरुस्तीला कुणाला बोलवावं लागत नव्हतं. चुलीवर भात, वैलावर आमटी, निखाऱ्यावर सुका बांगडा, आणि वरच्या धुरावर पावसाळ्याची बेगमी सुकत असायची. पण पागोळ्या गळायला लागल्या की ओली लाकडं, हातात फुंकणी आणि डोळ्यांतून पाणी. तो धूर नुसता डोळ्यांत जात नव्हता, छातीतही जात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातल्या अशा धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसं गेली.

धूर कमी करायचे प्रयत्न जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघात, धुराडं असलेली 'मगन चूल' तयार झाली. पुढे 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. लाखो चुली बसल्या, पण पुष्कळ बंदही पडल्या. धुराडं काजळीने बुजलं की साफ कोण करणार, आपला टोप त्या भोकावर बसतो का, हे चूल बसवण्याआधी बाईला फारसं कुणी विचारलंच नाही.

मग आला रॉकेलचा स्टोव्ह. स्वीडनमधल्या लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने 1892 साली पंपाचा, काजळी न धरणारा स्टोव्ह बनवला आणि तो जगभर गेला. मुंबईत चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आपल्या चाकरमान्यांचे संसार याच स्टोव्हवर उभे राहिले. 1972 साली महागाई वाढली, रॉकेल, तेल, साखर मिळेना. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या हजारो बायका हातात लाटणं घेऊन रस्त्यावर आल्या. विस्तव हा बाईचा प्रश्न आहे, तसा तो राजकारणाचाही आहे, हे त्या लाटण्यांनी दाखवलं.

त्याच स्टोव्हची दुसरी बाजू काळी आहे. "स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली" अशी छोटीशी बातमी पेपरात यायची. काही खरंच अपघात होते. काही नव्हते. भडका नेमका सुनेच्याच साडीला कसा लागतो, हा प्रश्न स्त्री संघटनांनी मोठ्याने विचारला. त्यातून 1983 मध्ये सासरच्या छळाविरुद्धचं 498 अ हे कलम आलं आणि 1986 मध्ये हुंडाबळीचं 304 ब.

गॅस मुंबईत 1955 च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने सिलिंडरमधून विकायला सुरुवात केली. गावापर्यंत यायला त्याला कित्येक वर्षं लागली. 2016 च्या 1 मे पासून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जोडणी बाईच्या नावावर मिळू लागली. ही मोठी गोष्ट आहे. पण 14.2 किलोचा सिलिंडर परत भरायचे पैसे हाताशी नसले की पुन्हा चूल पेटते, हेही आपण जाणतो.

आता काकूंची काच. 1953 साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी नावाचा संशोधक काचेचा तुकडा भट्टीत तापवत होता. भट्टी बिघडली आणि 600 अंशांऐवजी 900 पर्यंत गेली. काच वितळली असेल असं त्याला वाटलं. निघाला पांढरा, घट्ट तुकडा. तो हातातून निसटून पडला, पण फुटला नाही! हीच सिरॅमिक काच. साधी काच तापली की फुगते, एका जागी जास्त फुगली की तडकते. ही काच तापूनही जवळजवळ फुगत नाही. म्हणून आधण ठेवल्याने ती तडकणार नाही. जड टोप आपटला तर मात्र फुटू शकते.

या शेगड्या दोन प्रकारच्या. एकीत काचेखालची तार लाल होते. तिच्यावर सपाट बुडाचं कुठलंही धातूचं भांडं चालतं, आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ पोळते. दुसरी इंडक्शन. तिच्यात चुंबकाच्या जोराने भांडंच तापतं. साधा ॲल्युमिनियमचा टोप तिथे तापणार नाही, पण आजीचा बिडाचा तवा चालेल. फक्त बूड सपाट हवं, आणि तो घासून सरकवायचा नाही, नाहीतर चरे पडतात. 2000 वॉटच्या शेगडीला जाड वायर, 16 अँपियरचा सॉकेट आणि अर्थिंग लागतं.

आणि वीज? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आपल्या तालुक्यात कित्येक दिवस अंधार होता. तेव्हा घरोघरी भात शिजवला तो चुलीनेच. म्हणून नवीन शेगडी आली तरी चूल मोडू नका.

काकूंनी आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं. मग आम्ही खोकं उघडलं आणि पहिला चहा केला. पेला हातात घेऊन काकू म्हणाल्या, "धूर नाही, पण आता बिल कोण भरणार ते मुलाला विचारते."

मैत्रिणींनो, हाच प्रश्न आधी विचारायचा. विस्तव आपण सांभाळतो, तर कोणता विस्तव घरात यावा हेही आपल्याला विचारूनच ठरलं पाहिजे. पुढच्या बैठकीत यावर बोला.