ठाण्याची खाडी व जलचरांचें अभय

इ. स. २०१५ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस महाराष्ट्र शासनानें ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम तीरालगतचें १,६९०.५ हेक्टर क्षेत्र 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' या नांवानें राखीव केलें. तत्पूर्वीं इ. स. १९८७ मध्यें मालवणचें सागरी अभयारण्य जाहीर झालें होतें; त्यानंतरचें राज्यांतील हें दुसरें सागरी अभयारण्य होय. पाण्यास सीमा घालून त्यांतील जीवांस अभय देण्याची ही कल्पना सर्वस्वी पाश्चात्त्य आहे, असा एक समज आढळतो. उलटपक्षीं, आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें, असेंही म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही समज साधनांच्या कसोटीवर घांसून पाहणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) कौटिलीय अर्थशास्त्राचा काळ वादग्रस्त असला तरी, त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील सूनाध्यक्षाचें प्रकरण (अध्याय २६) या विषयांत फार महत्त्वाचें आहे. ज्यांस अभय दिलेलें आहे अशा, व अभयवनांत राहणाऱ्या, मृग, पशु, पक्षी आणि मत्स्य यांस जो बांधील, मारील अथवा इजा करील त्यास उत्तम दंड करावा, असें तेथें विधान आहे. मत्स्यांचा निर्देश येथें स्पष्ट असून, आजचा 'अभयारण्य' हा शब्दही या 'अभयवना'चाच सगोत्र आहे. परंतु याच अधिकरणांत अन्यत्र, सेतूंतील म्हणजे बांधलेल्या जलाशयांतील मत्स्यांवर राजाचें स्वाम्य सांगितलें आहे, आणि मासे धरणाऱ्यांनीं नावेचें भाडें म्हणून सहावा भाग द्यावा, असेंही म्हटलें आहे. तेव्हां या अभयास केवळ भूतदयेचें फळ मानतां येत नाहीं; त्याच्या शेजारीं राजकोश उभा आहे. मासे धरणारा येथें दिसतो तो कर देणारा म्हणून. जलाच्या रक्षणांत त्यास कांहीं स्थान असल्याचें दिसत नाहीं.

(२) दुसरें साधन अशोकाचा पांचवा स्तंभलेख. राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यावर कोरविलेल्या या लेखांत अवध्य प्राण्यांची यादी असून, तींत कांहीं मत्स्यांचीं व जलचरांचीं नांवें आहेत. शिवाय तीन चातुर्मासीच्या पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा व उपोसथाचे दिवस या काळांत मासे मारूं नयेत व विकूंही नयेत, असा निर्बंध आहे. याहून लक्षणीय शब्द 'केवटभोग' हा होय. केवट म्हणजे कैवर्त. त्यांच्या उपभोगाकडे सोंपविलेलें जलक्षेत्र तें केवटभोग. त्या दिवशीं नागवनांत व केवटभोगांत इतर प्राणीही मारूं नयेत, असें लेख सांगतो. म्हणजे जाति, काळ व स्थळ या तिन्ही मर्यादा एकाच शासनांत आल्या, आणि स्थळाची ओळख कैवर्तांच्या नांवानें झाली.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. सोपाऱ्यास भगवानलाल इंद्रजी यांस इ. स. १८८२ त आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, व इ. स. १९५६ त नववा लेख सांपडला. पांचवा स्तंभलेख मात्र तेथें मिळालेला नाहीं. म्हणून अशोकाचा हा निर्बंध ठाणें-कल्याणच्या खाडींत पाळला जात होता, असें विधान करण्यास आधार नाहीं.

(३) आतां प्रत्यक्ष या खाडीकडे वळूं. पेरिप्लसकार कल्याणचा निर्देश बाजारपेठ म्हणून करितो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. शिलाहार अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत श्रीस्थानक, नागपुर, शूर्पारक व चेमुल्य या बंदरांत येणाऱ्या कांहीं श्रेष्ठींच्या जहाजांस जकात माफ केली आहे. ज्या पाण्यावर हीं गलबतें तरंगत, त्याच पाण्यांत जाळें टाकणाऱ्याचें नांव मात्र क्वचित् भेटतें. नाशिकच्या लेण्यांत मुगूदास नांवाच्या 'दासका'नें लेणें दिल्याचा लेख आहे, व दासक म्हणजे मासे धरणारा असा अर्थ विद्वानांनीं केला आहे. असा उल्लेख अपवादच समजावा.

कोळ्यांचा नियम ताम्रपटावर लिहिला गेला नसला तरी रूढींत टिकला. पावसाळ्यांत समुद्र बंद. नारळी पौर्णिमेस नारळ वाहून नाव पुन्हा पाण्यांत. खवळलेल्या समुद्राचें भय हें या रूढीचें कारण खरेंच. परंतु याच ऋतूंत अनेक जातींचे मासे अंडीं घालीत असल्यामुळें त्यांसही विसांवा मिळे. आज इ. स. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालीं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस बंदी असते. म्हणजे रूढीचें कांहीं अंशीं शासन झालें. हें अभय काळाचें आहे.

(४) स्थळाच्या अभयाचें पहिलें उदाहरण मालवणचें. इ. स. १६६४ मध्यें ज्याच्या बांधणीस आरंभ झाला त्या सिंधुदुर्गाभोंवतीं १३ एप्रिल १९८७ रोजीं २९.१२२ चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव झालें, त्यांपैकीं ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा. तेथील खडकांवर प्रवाळ आहे. प्रवाळ हा सूक्ष्म जीवांनीं चुन्याचें घर बांधून रचलेला वाडाच होय. त्याच्या कपारींत माशांचीं पिलें वाढतात. ज्या क्षेत्रांत जाळें पडत नाहीं तेथें मादी मोठी होते. मोठी मादी लहानीपेक्षां कितीतरी पट अंडीं घालते, व वाढलेली संतति सीमेबाहेर जाऊन कोळ्याच्याच जाळ्यांत येते. शेवाळ खाणारे मासे टिकल्यास खडक स्वच्छ राहतो व नवा प्रवाळ त्यावर रुजतो. समुद्र तापून प्रवाळ पांढरा पडूं लागला म्हणजे ती उष्णता कोणत्याही सीमेनें अडत नाहीं. पण निरोगी वाडा पुन्हा उभा राहण्याची आशा अधिक.

मेक्सिकोंतील काबो पुल्मो येथें इ. स. १९९५ त राष्ट्रीय उद्यान झालें, तें स्थानिक मच्छीमारांच्याच पुढाकारानें. तेथें इ. स. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचें एकूण वजन ४६३ टक्क्यांनीं वाढलें. मालवणास मात्र मच्छीमारांचा विरोध दीर्घकाळ राहिला, कारण सीमा आंखली ती आपल्यास न विचारतां, असें त्यांस वाटलें. दोन्ही ठिकाणीं शास्त्र एकच. फरक पडला तो केवटभोगाच्या जाणिवेचा.

(५) ठाण्याच्या खाडींत प्रवाळ नाहीं, कारण त्यास स्वच्छ व खारें पाणी लागतें आणि ही खाडी गाळाची. प्रवाळाचें कार्य येथें तिवरें करितात. त्यांच्या मुळांत कोळंबी, खेकडे व माशांचीं पिलें आश्रय घेतात. मुंबई उच्च न्यायालयानें इ. स. २००५ त व पुन्हा २०१८ त तिवरांच्या तोडीस मनाई केली, इ. स. २०२२ मध्यें ही खाडी रामसर स्थळांच्या यादींत आली. परंतु सीमेची रेषा पाण्यास अडवीत नाहीं. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण व डोंबिवली येथील कारखान्यांचें व वस्तीचें सांडपाणी वालधुनी आणि उल्हास यांच्या वाटे वाहत येतें. जाळ्यापासून वांचलेला मासा या विषापासून वांचत नाहीं. सबब खाडीच्या अभयाची खरी सीमा डोंबिवलीच्या नाल्यापाशींच सुरू होते, असें आम्हांस वाटतें.

(६) सारांश, जलचरांस अभय देण्याची कल्पना या देशीं जुनी आहे हें निश्चित. ती या खाडींत अखंड चालत आली हें मात्र सिद्ध होत नाहीं. जुन्या साधनांतून आज उपयोगी पडेल असें एकच तत्त्व आम्हांस दिसतें: अभयास जाति, काळ व स्थळ यांची मर्यादा हवी, आणि कैवर्ताचा भोग त्या शासनांतच लिहिलेला हवा. प्राचीन दानपत्रांत भूमि देतांना तिच्या चतुःसीमा नोंदीत, तसा पाण्यावरील हक्कही नोंदला गेला पाहिजे.

येथेंच संग्राहकांचें काम आहे. खाडीकांठच्या कोळीवाड्यांतून, चेंदणीसारख्या जुन्या वस्त्यांतून, खाजणांचे कौल, खारबंदीचे करार, मासळीवरील कराच्या पावत्या, देवस्थानचीं बाडें असे कागद कोणाच्या पेटींत असतील, तर ते जपावे व त्यांच्या नकला करून घ्याव्या. सनदा व महजर यांच्यापुढें असे कागद क्षुद्र वाटतात. पण जेव्हां सीमा आंखली जाते तेव्हां ज्याचा कागद नाहीं त्याचा हक्क नाहीं, असा व्यवहार होतो. आणि हे कागद वाळवीच्या मुखीं गेले तर ज्यांनीं ही खाडी राखली त्यांनाच तींत उपरें ठरविलें जाईल.