यकृतातील गळवाची कुळकथा

रोगाचे कारण चुकले म्हणजे उपचार चुकतो हे खरेच. पण त्याबरोबर दोषही भलत्याच्याच माथी बसतो. यकृतात पू होऊन जे गळू होते, त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

हा रोग प्राचीनांना अपरिचित नव्हता. शरीराच्या आत होणाऱ्या विद्रधींची स्थाने सांगताना सुश्रुतसंहितेत यकृताचा उल्लेख येतो आणि तेथील विद्रधीत श्वास लागतो असेही नोंदलेले आहे. यकृताला लागूनच श्वासपटल असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते. ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्य पुवाच्या रंगावरून भाकीत करीत. पू स्वच्छ व पांढरा निघाला तर रोगी वाचेल, तेलाच्या गाळासारखा निघाला तर दगावेल, असा त्यांचा निर्वाळा होता.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींना या रोगाने ग्रासले, तेव्हा डॉक्टरांनी येथल्या उन्हाला, मांसाहाराला आणि मद्याला दोष दिला. मद्रास इलाख्यात काम केलेल्या जेम्स अ‍ॅनस्ली यांनी १८२८ सालच्या आपल्या ग्रंथात आंव आणि यकृताचे विकार एकत्र आढळतात हे दाखविले होते. पण या दोहोंना जोडणारा धागा कोणता, हे कोणालाच उमगेना.

तो धागा प्रथम दिसला तो रशियातील थंडीत! १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लॉश यांना आंव झालेल्या एका शेतकऱ्याच्या मळात अमीबा आढळले. म्हणजे ज्या व्याधीचे खापर उन्हावर फुटत होते, तिच्या मुळाशी असलेला जीव बर्फाळ मुलखातही सुखाने नांदत होता. पुढे १८८७ च्या सुमारास अलेक्झांड्रियात कार्टुलिस यांना तो यकृतातील गळवाच्या पुवात सापडला. १८९० मध्ये बाल्टिमोर येथे ऑस्लर यांनी पनामाहून आलेल्या एका रुग्ण डॉक्टरच्या बाबतीत तेच पाहिले आणि १८९१ मध्ये कौन्सिलमन व लाफ्लर यांनी साऱ्या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

आता मार्ग स्पष्ट झाला. मळाने दूषित झालेल्या पाण्यातून वा अन्नातून हा जीव पोटात जातो, मोठ्या आतड्यात व्रण करतो आणि तेथून रक्ताबरोबर यकृतात, बहुधा त्याच्या उजव्या भागात, पोचतो. गळवातून निघणारा चॉकलेटी द्रव म्हणजे वास्तविक विरघळलेले यकृतच होय. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि कधी उजवा खांदा दुखणे ही याची लक्षणे. पुष्कळ रोग्यांच्या मळात त्या वेळी अमीबा सापडत नाहीत, म्हणून निदान चकवीत असे. ध्वनिलहरींनी पोटाचे चित्र घेण्याची सोय झाल्यापासून ही अडचण बरीच दूर झाली.

कारण कळताच शस्त्र मागे सरले. पूर्वी पोट कापून पू काढीत. उघड्या जखमेत दुसरे जंतू शिरत आणि रोगी दगावे. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये एमेटीनची इंजेक्शने देऊन गुण दाखविला आणि मोठी चीर घेण्याऐवजी सुईने पू ओढण्याचा पुरस्कार केला. एमेटीन हृदयाला बाधत असे. १९६६ मध्ये मेट्रोनिडाझोलचा उपयोग सिद्ध झाल्यावर उपचार अधिक निर्धोक झाला. आज वेळेवर औषध मिळाले तर मृत्यू विरळाच. मात्र गळू छातीत वा पोटात फुटले तर धोका मोठा असतो.

यकृतातील गळवाची दुसरी जात बॅक्टेरियांमुळे होते. पित्ताशयातील खडे किंवा सडलेले आंत्रपुच्छ यांतून ती उद्भवते. तिला प्रतिजैविके तर लागतातच, शिवाय बहुधा पूही काढावा लागतो. पूर्वीच्या वैद्यांना भिवविणारा गडद पू आज पुष्कळदा केवळ औषधाने बऱ्या होणाऱ्या जातीची खूण ठरतो, हे ज्ञानाचेच फळ.

मद्याने या रोगाला अनुकूल भूमी मिळते, हे नाकारता येत नाही. पण बी येते ते मैलामिश्रित पाण्यातून. आजारी माणसाला त्याच्या सवयींबद्दल बोल लावण्यापूर्वी गावाने आपली विहीर, आपला नळ आणि आपले गटार तपासावे, हे या इतिहासाचे सांगणे आहे.