कॅहूट्स

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील यूजीन शहरात १९८९ ते २०२५ या काळात चाललेली फिरती संकट-साहाय्य सेवा. कुणी मानसिक संकटात आहे, नशेत भान हरपून बसले आहे किंवा रस्त्यावर एकटेच रडत आहे असा फोन आला की पोलिसांच्या गाडीऐवजी एक व्हॅन निघे. तीत दोघे असत : एक परिचारिका किंवा आपत्कालीन वैद्यकीय सहायक आणि दुसरा मानसिक संकट हाताळण्यात तयार झालेला कार्यकर्ता. त्यांच्याजवळ ना शस्त्र असे, ना बेड्या; अटक करण्याचा अधिकारही नसे. ‘क्रायसिस असिस्टन्स हेल्पिंग आउट ऑन द स्ट्रीट्स’ या लांबलचक नावातील आद्याक्षरे जोडून कॅहूट्स हे नाव तयार झाले.

ही सेवा ‘व्हाइट बर्ड क्लिनिक’ या सेवाभावी दवाखान्याने चालवली. १९७०च्या सुमारास, घरदार सोडून आलेल्या आणि अमली पदार्थांत अडकलेल्या तरुणांना आधार देण्यासाठी तो निघाला होता. रस्त्यावरच्या माणसाशी कसे बोलावे, हे तिथल्या लोकांना वर्षानुवर्षांच्या सवयीने कळत होते. ४ जुलै १९८९ रोजी पहिली व्हॅन निघाली. तिचा खर्च शहराच्या पोलीस खात्यामार्फत येई आणि फोनही पोलीस व अग्निशमन दलाच्या सामाईक नियंत्रण कक्षातूनच वळवले जात. पोलिसांना दूर सारून नव्हे, तर त्यांच्याशी रोजचा संबंध ठेवून ही सेवा उभी राहिली. तिच्या दीर्घायुष्याचे कारण बऱ्याच अंशी यातच आहे. २०१५मध्ये शेजारचे स्प्रिंगफील्ड शहरही तिच्या कक्षेत आले.

पोलीस नकोत, ही मागणी केवळ भावनेपोटी नव्हती. ज्याला आवाज ऐकू येत आहेत, कुणीतरी आपल्या मागावर आहे असे ज्याला वाटते, त्याच्यासमोर गणवेश, सायरन आणि चढ्या आवाजातला हुकूम आला की भीती वाढते. तो हुकूम पाळत नाही आणि त्याचे गप्प राहणे उद्दामपणा ठरते. खिशाकडे गेलेला हात धोका ठरतो. टेनेसीतील मेम्फिस शहरात १९८७ साली मानसिक आजार असलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. तिथे पुढल्या वर्षी निवडक पोलिसांनाच खास प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती देशभर पसरली. यूजीनने त्याच सुमारास वेगळी वाट धरली : गुन्हा घडलेलाच नसेल, तर पोलीस पाठवायचेच कशाला?

व्हॅनमधली माणसे साध्या कपड्यांत येत. फुटपाथवर शेजारी बसत, नाव विचारत, पाणी देत, थंडी असेल तर पांघरूण देत. वैद्यकीय सोबत्याचे काम इथे मोलाचे. बडबड, गोंधळ, तोल जाणे ही लक्षणे रक्तातील साखर उतरल्यानेही दिसतात, डोक्याला मार लागल्यानेही दिसतात. वेड समजून सोडून दिलेला माणूस तासाभरात दगावू शकतो. जखमा धुणे आणि मलमपट्टी हेही त्याच्याकडेच. मग त्या व्यक्तीला जिथे जायचे असेल तिथे पोहोचवत : निवाऱ्यात, रुग्णालयात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मित्राच्या घरी. तिने नको म्हटले तर जबरदस्ती नसे. या स्वेच्छेवरच सगळ्या कामाचा विश्वास टिकून होता. शस्त्र किंवा मारहाणीचा संशय असेल, तिथे मात्र पोलीसच जात.

२०१९मध्ये दोन्ही शहरांत मिळून सुमारे २४,००० फोन या सेवेकडे नोंदले गेले. त्यांतल्या दोन टक्क्यांहून कमी प्रसंगी पोलिसांना मदतीला बोलवावे लागले. वर्षाचा खर्च सुमारे २१ लाख डॉलर. दोन्ही शहरांच्या पोलीस खात्यांचा मिळून सुमारे ९ कोटी. पोलिसांचा किती भार हलका झाला, यावर मतभेद राहिले. संस्थेच्या समर्थकांनी १७ टक्के हा आकडा मांडला, तर यूजीन पोलिसांच्या विश्लेषणात तो ५ ते ८ टक्के निघाला. कारण खुशाली पाहणे, कुणाला नेऊन सोडणे अशी अनेक कामे पोलिसांनी एरवीही केली नसती. ही हरकत आकड्यापुरती खरी आहे. पण जी कामे कुणीच केली नसती ती इथे होत होती, हे या सेवेचे उणेपण मानता येत नाही.

मे २०२०मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि साऱ्या देशाचे लक्ष यूजीनकडे वळले. जूनमध्ये डेन्व्हरने ‘स्टार’ हे तशाच धर्तीचे पथक सुरू केले. पहिल्या सहा महिन्यांत ते ७४८ प्रसंगी धावले आणि एकाही प्रसंगी अटक झाली नाही. ते ज्या भागांत फिरले तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्याचे २०२२मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२१च्या केंद्रीय कायद्याने अशा फिरत्या पथकांच्या खर्चाचा ८५ टक्के वाटा मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेतून तीन वर्षे देण्याची सोय केली.

इतरत्र अनुकरण होत असताना मूळ सेवा मात्र पैशाअभावी खंगत गेली. व्हाइट बर्डची आर्थिक ओढाताण वाढली, कर्मचारी कमी करावे लागले आणि एप्रिल २०२५मध्ये यूजीनमधील व्हॅन थांबली. त्याआधी २०२४मध्येच, यूजीन ज्यात येते त्या लेन काउंटीने स्वतःचे फिरते मानसिक संकट पथक सुरू केले होते. मात्र अशा पथकांना मिळणारा मेडिकेडचा पैसा नोंदवता येण्याजोग्या उपचारासाठी असतो. चिघळलेला पाय धुण्याचे आणि गारठलेल्या माणसाला निवाऱ्यापर्यंत नेण्याचे बिल कुणाच्या नावे लावायचे, याची तरतूद त्यात सहज सापडत नाही. आणि कॅहूट्सचा बराचसा दिवस नेमका याच कामांत जात असे.