आपल्या पायाखालचा काळा दगड



नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरी भागात जमीन हादरू लागली आणि पुढे कित्येक महिने धक्के बसत राहिले. धुंदलवाडीकडच्या लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. तेव्हापासून इकडे पालघर, बोईसर, तारापूरलाही एक धास्ती मनात असते: आपल्या खाली ज्वालामुखी तर नाही ना?

घरातला पाटा-वरवंटा बघा, जातं बघा, वाघोबा खिंडीजवळचा काळदुर्ग बघा. सगळा काळा दगड. त्याला बेसाल्ट म्हणतात. हा दगड एके काळी लालभडक रस होता. म्हणजे आग इथे होती, हे खरं. पण ती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी.

हा रस आला कुठून? पृथ्वीच्या पोटात रसाचा समुद्र भरलाय, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. कवचाखालचा खडक खूप तापलेला असतो, पण वरच्या दाबामुळे तो घट्टच राहतो. कुकर आठवा. शिट्टी बसलेली असताना आतलं पाणी शंभर अंशांच्याही वर तापतं. दाब एकदम सुटला की तेच पाणी उसळतं. तसा खोलातला तापलेला खडक हळूहळू वर सरकला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. हाच शिलारस, म्हणजे मॅग्मा. जमिनीवर आला की तो लाव्हा. लाव्हा लवकर निवतो, म्हणून बेसाल्टचे कण बारीक. जमिनीखालीच सावकाश निवलेल्या ग्रॅनाइटचे कण मोठे, डोळ्यांना दिसणारे.

त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. हिंदी महासागरात आज रियुनियन बेट आहे, तिथल्या आगीवरून तो सरकत होता, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर बसले. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात ते त्यामुळेच. मग भारत उत्तरेला सरकला, आग मागे राहिली. रियुनियनचा ज्वालामुखी अजून धगधगतो. आपल्याकडची चूल केव्हाच विझली.

मग सातिवलीची, वज्रेश्वरीची गरम कुंडं कशी? पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. खाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. आणि भूकंप? खडकात साठलेला ताण भेगांवर अचानक मोकळा होतो, तो धक्का.

म्हणून ‘लाव्हा येतोय’ असा निरोप मोबाईलवर आला तर पुढे पाठवू नका. पण भूकंप खरा आहे, त्याची तयारी हवी. गटाच्या पुढच्या बैठकीनंतर एकमेकींची घरं बघा. भिंतीला भेग आहे का? झोपायच्या जागेवर माळ्यावर जड सामान आहे का? ते आधी खाली उतरवा. धक्का बसताना डोकं सांभाळा, थांबला की मुलांना घेऊन मोकळ्या जागी जा.

भेटू पुढच्या कार्यक्रमात.