छेद कुठे, वण कुठे

बचत गटाच्या बैठकीत जो विषय निघाला की कुजबूज होते आणि मग सगळ्या हसतात, तो आज आम्ही उघडपणे बोलणार आहोत. काही जणींची छाती इतकी जड असते की मान-खांदे भरून येतात, ब्राचे पट्टे रुतून खांद्याला खाचा पडतात, उन्हाळ्यात छातीखालची कातडी घामाने चिघळते. हे दुखणे आहे, चेष्टा नव्हे. त्यावर स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया आहे.

सातव्या शतकात पॉलस नावाच्या ग्रीक वैद्याने असा छेद लिहून ठेवला, पण तो पुरुषांसाठी! पुरुषाची छाती बाईसारखी वाढली तर खालून चंद्रकोरीसारखे कापायचे, चरबी काढायची, टाके घालायचे. बायकांसाठी ही शस्त्रक्रिया रुळायला विसावे शतक उजाडले.

१९२२ साली शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात स्तनाग्र पूर्ण सुटे करून ठिगळासारखे पुन्हा वर बसवत. दुधाच्या नळ्या तुटायच्या, म्हणजे पुढे बाळाला अंगावर पाजणे संपले. १९३० मध्ये श्वार्ट्समान यांनी स्तनाग्र आतल्या कातडीच्या पट्टीला जोडलेलेच ठेवले, त्यामुळे त्याचा रक्तपुरवठा टिकला.

पुढची गोष्ट शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना लगेच कळेल. १९५६ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या रॉबर्ट वाइज यांनी चक्क ब्राच्या कापावरून कातडी कापण्याचा नमुना बेतला. सपाट कापडाला गोलाई आणायची तर टक्स घ्यावा लागतो, आणि टक्स आला की शिवण आली. इथे शिवण म्हणजे वण. एक स्तनाग्राभोवती गोल, एक तिथून सरळ खाली, एक खालच्या घडीत आडवा. दिसतो जहाजाच्या नांगरासारखा (आपल्या शेतातल्या नव्हे). आडवा वण घडीत लपतो. पण उभी-आडवी शिवण जिथे मिळते तिथे ताण जास्त, म्हणून जखम उघडण्याची भीतीही तिथेच जास्त.

तो आडवा वण टाळता येईल का? फ्रान्सचे क्लोद लास्यूस आणि नंतर १९९०च्या दशकात ब्रसेल्सच्या मॅडलीन लजूर या बाई सर्जनने उभ्या छेदावर भागवण्याची पद्धत रुळवली. त्यात सुरुवातीला खाली चुण्या दिसतात, काही महिन्यांत त्या बसतात. फार मोठ्या, ओघळलेल्या छातीला मात्र आजही बहुधा नांगराचाच छेद घेतात. जास्तीची कातडी एका शिवणीत मावत नाही.

वण आधी लाल, जाड, खाजरा असतो. वर्ष-दीड वर्षात फिकट होतो, पण पुसला जात नाही. कान टोचल्यावर ज्यांच्या पाळीला गाठ धरली, त्यांनी ते सर्जनला आधीच सांगावे, कारण हा वणही तसाच वाढू शकतो. पुढे मूल हवे असेल तर स्तनाग्र जोडलेले राहणार का, हे विचारावे. आणि मिशरी! तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, जखम भरत नाही, कडेची कातडी काळी पडू शकते. शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधीपासून ती बंद करावी लागते. डॉक्टर सिगारेटचे विचारतात, मिशरीचे विचारतीलच असे नाही. तेव्हा आपणच सांगायचे.