बोक्याचा वास

हॉप्स विकत घेणारा जाणकार आधी भाव विचारत नाही, हात पुढे करतो. वाळलेली चार बोंडं तळहातावर घ्यायची, दुसऱ्या तळव्याने दाबून चोळायची, आणि तळवे गरम झाले की ओंजळीत नाक खुपसायचं. हाताला पिवळी, चिकट पूड लागते. तिचं नाव ल्युप्युलिन. बिअरचा कडवटपणा आणि हॉपचा वास, दोन्ही ह्या पुडीतून येतात. वेल गांजाच्या कुळातला, आणि बोंडं धरतात ती मादी वेलाला.

कास्केड जातीचं बोंड चोळलं तर पपनसाची साल सोलल्यासारखा वास येतो, मागोमाग फुलांचा. अमेरिकी पेल एल ह्या बिअरचा वास म्हणून आज जगभर जो ओळखतात, तो हाच. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ह्याच्याच भाऊबंदांना बिअरवाले नाकं मुरडत होते.

इंग्लंडात, केंटमधल्या वाय कॉलेजात अर्नेस्ट सॅमन नावाचे प्राध्यापक हॉपची नवी वाणं तयार करत. १९१६ साली त्यांनी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातून, मॉर्डनहून आलेला एक रानवेल लावला. त्याच्या बीपासून १९१९ मध्ये उगवलेल्या एका रोपाचं पुढे ‘ब्रुअर्स गोल्ड’ झालं आणि १९३४ साली ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. इंग्लिश वाणांच्या मानाने त्यात कडवटपणा देणारी राळ भरपूर, म्हणजे थोड्या हॉप्समध्ये काम भागणार. पण वास? कुणाला त्यात ब्लॅककरंटचं फळ जाणवे, कुणाला चक्क बोका. ‘अमेरिकी वास’ हा शब्द तिथे शिवीसारखाच वापरला जायचा. मग तोड निघाली ती अशी: हे हॉप उकळीच्या सुरुवातीलाच टाकायचं. तासभर उकळलं की वासाची तेलं वाफेबरोबर निघून जातात आणि कडवटपणा तेवढा उरतो. घरात राबायला हवी, पण पाहुण्यांपुढे आणायची नाही, अशी ती सून.

तक्रार अगदीच खोटी नव्हती. अमेरिकी रक्ताच्या बऱ्याच हॉप्समध्ये एक गंधकयुक्त संयुग असतं, ४-एमएमपी. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ब्लॅककरंटमध्ये तेच, सोव्हिन्यों ब्लां वाइनमध्येही तेच. किंचित असेल तर फळ, हात सैल सुटला तर बोका.

कास्केडचा जन्म अमेरिकेतला, पण आईचं घराणं युरोपचं. ऑरेगनमधल्या कॉर्व्हालिस इथे सरकारी कृषी खात्याचं हॉप-संशोधन चाले. १९५६ साली तिथे बी गोळा केलं ते इंग्लिश फगल आणि रशियन सेरेब्रियांका ह्यांच्या वंशातल्या एका मादीचं. बाप अज्ञात, वाऱ्यावर आलेला पराग. रोपाला क्रमांक मिळाला ५६०१३. हेतू सुगंधाचा नव्हताच, केवड्याचा होता. म्हणजे फुलाचा नव्हे. आपले द्राक्षबागायतदार ज्या केवडा रोगाच्या नावाने हाय खातात, त्याच घराण्यातला रोग हॉपची पानंही खातो. ५६०१३ त्याला बऱ्यापैकी तोंड देई. तरीही बिअर कंपन्यांना ते नको होतं. वास ओळखीचा नाही, एवढंच कारण.

नशीब उघडलं ते जर्मनीत दुसऱ्याच रोगाने धुमाकूळ घातल्यामुळे. व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीची मर हालरटाऊच्या मळ्यांत शिरली. तिथल्या मिटेलफ्रू ह्या उंची वाणाचा तुटवडा पडला, भाव चढले. अमेरिकी कंपन्या घरच्या घरी पर्याय शोधू लागल्या. प्रयोगशाळेच्या तक्त्यात ५६०१३चे आकडे मिटेलफ्रूच्या जवळ जात होते, आणि कूर्स कंपनीने ते उचललं. १९७२ साली डोंगररांगेवरून ‘कास्केड’ असं नाव देऊन ते जाहीर झालं. सौम्य जर्मन हॉपची बदली म्हणून जो कामावर लागला, तोच पुढे सगळ्यांत बोलका निघाला. तक्त्यात वास मावत नाही.

ह्या हॉपला त्याच्याच वासासाठी पुढे आणलं ते लहान बिअरवाल्यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने १९७५ साली, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हियरच्या घोडदौडीला दोनशे वर्षं झाली म्हणून, लिबर्टी एल काढली; कास्केडने घमघमणारी. १९७६ मध्ये चिको गावात केन ग्रॉसमन ह्या तरुणाने घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान थाटलं. हॉपचे व्यापारी किरकोळ गिऱ्हाइकाला उभं करत नसत, म्हणून हा गाडी काढून हॉपच्या मळ्यांच्या याकिमाला जाई आणि कंपन्यांना दाखवण्यासाठी गाठोड्यांतून कापलेले नमुन्यांचे ठोकळे विकत आणी. १९८० साली त्याच्याच सिएरा नेवाडा पेल एलमध्ये कास्केड आलं, आणि वासाची तक्रार संपली.

मधल्या काळात, ऑक्टोबर १९७८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनी घरी बिअर करण्यावरचा केंद्रीय कर काढणाऱ्या कायद्यावर सही केली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघे असतील तर घराला २००. (आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही.) आता हजारो गॅरेजांमध्ये हॉप्सची जोडी जुळवणं सुरू झालं. १९८५ साली चिनूक आलं: देवदाराची राळ, हात आखडता घ्यावा असं. १९९० मध्ये सेंटेनियल, वॉशिंग्टन राज्याच्या शताब्दीचं नाव घेऊन. त्याच्या वंशात तीन चतुर्थांश वाटा ब्रुअर्स गोल्डचा. मॅनिटोबाच्या त्या रानवेलाची नातवंडं अशी माहेरी परतली.

जुळवण्याची रीत फोडणी आणि कोथिंबिरीसारखी. १९ लिटरच्या घाण्यात चिनूक १४ ग्रॅम, उकळीला तासभर: ही फोडणी. शेवटच्या दहा मिनिटांत कास्केड आणि सेंटेनियल प्रत्येकी २८ ग्रॅम. आंबणं मंदावल्यावर तेवढंच पुन्हा, न उकळता, तीन-चार दिवस बुडवून ठेवायचं: ही वरची कोथिंबीर. माझ्या मते तीन वाणं ही मर्यादा. सात प्रकार घातले की कुठलंच ओळखू येत नाही, फक्त हिरवट चव उरते.

जोडीला रसायनाचाही आधार आहे. जपानच्या सप्पोरो कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की हॉपमधलं गुलाबासारख्या वासाचं जेरॅनिऑल यीस्ट पालटून सिट्रोनेलॉल करतं, आणि जेरॅनिऑल भरपूर असलेलं हॉप सिट्रा ह्या वाणाबरोबर घातलं तर लिंबाचा वास वाढतो. म्हणजे आंबवणीच्या भांड्यात तिसराच वास तयार होतो, जो कुठल्याच बोंडात तितका नसतो. सिट्राच्या वंशावळीत अर्धा वाटा त्याच मिटेलफ्रूचा, आणि तळाशी तीन टक्के ब्रुअर्स गोल्ड.

इंग्लंडातले शेतकरी आता कास्केड लावतात. तिकडच्या हवेत वास जरा मवाळ येतो म्हणे, आणि त्याबद्दल तिथे कुणी नाक मुरडत नाही.